जुनी चार-दारी अमेरिकन गाडी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात माझ्या १९५१च्या प्लिमथ क्रॅनब्रूकचा फोटो छापून आला आणि या सदराचा नूरच पालटला. एरवी बर्फात अडकलेली गाडी, विम्याची कटकट, वॉरंटीचे वांधे असली पत्रं येतात. या खेपेला जो तो विचारतोय, "अशी गाडी मलाही घ्यायचीय, काय बघू?" म्हणून या अंकात तेवढेच प्रश्न घेतलेत : महायुद्धानंतरच्या, ढोबळमानाने १९४६ ते १९५७च्या, अमेरिकेतच घ्यायच्या आणि इथेच चालवायच्या सेडान गाड्यांचे. पत्रांना कात्री लावलीय, रागावू नका. मी मिशिगनला राहते, मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि माझी मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर पुढच्या अंकासाठी भांडण लिहून पाठवा.

प्रश्न : मला कधीपासून १९५७ची शेव्हरोले बेल एअर हवीय, पण दोन-दारी हार्डटॉपचे (दारांमागे मधला खांब नसलेल्या गाडीचे) भाव ऐकून गार पडलो. आता पंधरा हजार डॉलरच्या आसपास १९५०ची चार-दारी शेव्हरोले स्टाइललाइन आणि १९५५ची चार-दारी बेल एअर अशा दोन्ही दिसताहेत. मुलं कॉलेजला गेलीत, शनिवार-रविवार मोकळे असतात. पाने-पकडी हाताळायची सवय आहे, वेल्डिंग मात्र येत नाही. कुठली घेऊ? (एडिसन, न्यू जर्सी)

चार-दारीच घ्या, हे आधी सांगून टाकते. या बाजारात दारं मोजून भाव लावतात. कन्व्हर्टिबल सगळ्यात वर, मग दोन-दारी हार्डटॉप, आणि तळाला साधी चार-दारी सेडान. इंजिन तेच, चासी तीच, डॅशबोर्डही तोच, आणि किंमत निम्मी किंवा त्याहून कमी. पुढे विकून पैसे करायचे असतील तर गोष्ट वेगळी. चालवायची असेल तर मागच्या सीटवर माणसं अंग न चोरता चढतात, हा उलट फायदाच आहे.

आता १९५० की १९५५. शेव्हरोलेने १९५५ साली एका झटक्यात सगळं बदललं : २६५ घनइंची व्ही-आठ इंजिन, बारा व्होल्टची वीज, पुढचं नवं सस्पेन्शन, उघडा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा). त्या व्ही-आठचे वंशज पुढे कित्येक दशकं बनत राहिले, त्यामुळे सामान कुठेही मिळतं आणि कुठलाही मेकॅनिक तिला हात लावायला बिचकत नाही. याउलट १९५०च्या गाडीत २१६ घनइंची सहा सिलिंडर, ९२ अश्वशक्ती आणि सहा व्होल्ट. या इंजिनाला इथली मंडळी 'स्टोव्हबोल्ट' म्हणतात. यात रॉडच्या, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या, बेअरिंगना दाबाने तेल जात नाही. ऑइल पॅनमध्ये छोट्या पन्हाळी असतात, प्रत्येक रॉडच्या टोकाला एक चमचा असतो, तो फिरताना तेल उचलतो. वेग वाढला की नळीतून सुटलेली धार त्या चमच्यावर पडते. बेअरिंगही सुट्या बदलायच्या नाहीत, रॉडमध्येच बॅबिट नावाचा मऊ धातू ओतलेला असतो आणि तो पुन्हा ओतून देणारे कारागीर आता हुडकावे लागतात. म्हणून या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा खालीच रेंगाळताना दिसला तर घाबरू नका, पण पन्नास-पंचावन्न मैलांच्या वर तासन्‌तास पळवूही नका. मागचं डिफरन्शियल ४.११चं असतं, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट चार वेळांहून जास्त फिरतो, साठाला इंजिन आधीच ओरडायला लागतं.

मधला एक मार्ग आहे. १९५४ साली सगळ्याच शेव्हरोलेंना पूर्ण दाबाने तेल जाणारं २३५ घनइंची इंजिन आलं. १९५३ साली ते फक्त पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकवाल्यांना मिळत होतं. १९४९ ते ५२च्या बऱ्याच गाड्यांमध्ये मालकांनी मागाहून हेच २३५ बसवलेलं सापडतं. जुन्या गाड्यांचे सोवळे लोक नाकं मुरडतात. चालवायला घेणाऱ्याने अशी गाडी दिसली तर सोडू नये, फक्त कागद नीट तपासावेत. का, ते पुढच्या उत्तरात येतंय. तुम्ही टर्नपाइकवरून, म्हणजे वेगवान महामार्गावरून, जाणार असाल तर १९५५ घ्या. हंटर्डन काउंटीतल्या आतल्या रस्त्यांवर रमतगमत फिरणार असाल तर २३५वाली जुनी गाडी जास्त गंमत देईल, आणि पैसेही वाचतील.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे : वेल्डिंग येत नाही. लोक आल्या आल्या बॉनेट उघडून इंजिन ऐकत बसतात. इंजिन सगळ्यात शेवटी बघा. इंजिन बिघडलं तर ते काढून दुकानात देता येतं, खर्च आधी विचारता येतो. गंज किती खोल गेलाय हे पत्रा कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापायला लागलं की थांबता येत नाही.

जाताना जुने कपडे घाला. टॉर्च, बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि फ्रिजवर लावतात तसलं चपटं लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळून न्या. दारांखालची लांब पट्टी, म्हणजे रॉकर पॅनेल, हिच्यावरून चुंबक हळूहळू सरकवा. जिथे ते पकड सोडतं तिथे रंगाखाली लोखंड नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पुढच्या मडगार्डचा हेडलाइटच्या वरचा आणि मागचा भाग बघा. चाकाने उडवलेला चिखल तिथेच आतून साचून राहतो. डिकीत स्टेपनी उचलून तिच्याखाली बघा, गाडीतले गालिचे उचला. मालक "खाली नवाच पत्रा आहे" म्हणाला तर खालून आडवं होऊन बघा, की जुन्या कुजलेल्या पत्र्यावर नवा ठिगळासारखा मारलाय.

चार-दारीची खरी परीक्षा मागच्या दाराशी होते. ते अर्धवट उघडा, खालची कड धरून जरासं वर उचला. थोडं हललं आणि खटखट वाजलं तर बिजागरी झिजलीय. ते किरकोळ. आता दार लावून त्याच्या आणि मधल्या खांबाच्या मधली फट वरपासून खालपर्यंत नजरेने मापा. फट वर बारीक आणि खाली रुंद होत गेली असेल तर खांबाचा पाय कुजला असण्याची दाट शक्यता आहे. अशा गाडीचे चारही दरवाजे एका माणसाने रांगेत लावून दाखवले तरी ते वर्षभरात पुन्हा हलतात. नमस्कार करून निघा. आणि हो, स्क्रू-ड्रायव्हरने चासीला टोचून बघायच्या आधी मालकाला विचारा. "नको" म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

क्रोम आणि आतलं कापड यांवर लोक फार हळहळतात, पण त्याचा हिशेब करता येतो. खड्डे पडलेल्या ओतीव पट्ट्यांवर पुन्हा क्रोम चढवणं महाग असतं, म्हणून त्या पूर्ण आहेत ना, एवढं मोजून घ्या. स्टाइललाइनच्या बाजूच्या खिडक्यांची काच सपाट असते, साधा काचवालाही कापून देतो. १९५५च्या गाडीची समोरची, दोन्ही बाजूंना वळलेली काच फुटली की मात्र ऑर्डर देऊन वाट बघावी लागते.

इंजिनाचं म्हणाल तर विक्रेत्याला फोनवरच सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेट उघडून मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीला) हात लावा. कोमट लागला तर गाडी आधी सुरू करून ठेवलीय, म्हणजे गार इंजिनाचा आवाज आणि धूर तुम्हाला दाखवायचा नाहीये. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून बघा. आकडा किती आहे यापेक्षा सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते महत्त्वाचं.

प्रश्न : १९५०ची प्लिमथ स्पेशल डिलक्स बघून आलो. गाडी सुरेख आहे. पण टायटलवरचा (मालकीच्या सरकारी कागदावरचा) नंबर पी-२० ने सुरू होतो आणि दाराच्या खांबावरच्या पाटीवर वेगळाच नंबर आहे. विक्रेता म्हणतो, "जुन्या गाड्यांचं असंच असतं." खरं आहे का? (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया)

अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुमच्या गळ्यात पडणार आहे.

आज आपण ओळखतो तो सतरा अक्षरांचा नंबर १९८१ साली आला. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपापला खाक्या होता. भरीला भर, पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच राज्यांनी टायटलवर इंजिनाचाच नंबर लिहिला. पी-२० हे प्लिमथच्या १९५०च्या इंजिनाचं चिन्ह. म्हणजे तुमच्या कागदावर आहे तो इंजिनाचा नंबर, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या दाराच्या खांबावर आहे तो गाडीचा.

आता पुन्हा जा आणि इंजिनाचा ब्लॉक बघा. पुढच्या डाव्या अंगाला, जनरेटरच्या जवळ, घासून सपाट केलेली छोटी जागा असते. वर्षानुवर्षांचं ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसा, खडू घासा, आकडे पांढरे उठून दिसतील. तोच पी-२० नंबर निघाला तर गाडी प्रामाणिक आहे. तरीही विक्रेत्याला सांगा की टायटल आधी स्वतःच्या नावावर असतानाच पाटीवरच्या नंबरावर दुरुस्त करून घे. आज इंजिन आहे, उद्या बदलावं लागलं तर तुमची मालकी कशाला चिकटवणार?

तिथे पी-२३ निघालं तर ते १९५१-५२चं इंजिन आहे. इंजिन म्हणून उत्तम आहे, बसतंही बेमालूम. पण मग टायटलवरचा नंबर त्या गाडीवर कुठेच उरला नाही. कागद एका गाडीचा आणि पत्रा दुसऱ्या गाडीचा, असं ते प्रकरण होतं. ते निस्तरायला राज्याच्या माणसाकडून तपासणी आणि बरेच हेलपाटे लागतात, आणि ते हेलपाटे विकणाऱ्याने घालायचे असतात. "बयाणा देतो, टायटल दुरुस्त झाल्यावर उरलेले पैसे," असं लेखी ठरवा. पाटीचे रिव्हेट नवे कोरे चकचकत असतील किंवा पाटी स्क्रूने बसवलेली असेल, तर मात्र गाडी कितीही सुरेख असो, बयाणासुद्धा देऊ नका.

याच ओघात दोन गोष्टी. टायटलवर ज्याचं नाव, तोच माणूस समोर हवा. मधल्या कुणीतरी गाडी घेतली, स्वतःच्या नावावर केलीच नाही आणि आता सही केलेलं कोरं टायटल पुढे सरकवतोय, असा प्रकार सर्रास चालतो. तुम्ही त्या साखळीत शिरू नका. आणि "टायटल नाही, पण व्हर्माँटहून टपालाने रजिस्ट्रेशन मागवा" हा जुना सल्ला अजून फिरतोय. व्हर्माँटने २०२३ साली बाहेरच्या राज्यातल्यांसाठी ती वाट बंद केली.

तुमच्या राज्यात अशा गाडीला 'अँटीक' नंबरप्लेट मिळते, पण रोजच्या वापराला नाही. प्रदर्शनं, मिरवणुका, आणि एरवी आठवड्यातून फार तर एक दिवस. घ्यायच्या आधी घरात हे स्पष्ट करा.

प्लिमथ घेतलीत तर टायरच्या दुकानात स्वतः उभे राहा. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. दुकानातला पोऱ्या हवेचा पाना लावून नेहमीच्या दिशेने फिरवतो, बोल्ट सुटण्याऐवजी आवळत जातो आणि शेवटी डोकं तुटून हातात येतं. मी खडूने चाकावर बाण काढून ठेवते. मागचे ब्रेक-ड्रमही निमुळत्या ॲक्सलवर घट्ट बसलेले असतात आणि ओढायला खास पुलर लागतो. हातोडीने ठोकणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका.

प्रश्न : आमच्या ह्यांनी १९५१ची हडसन हॉर्नेट पसंत केलीय. मला गाडी आवडली, पण पट्टे नाहीत, एअरबॅग नाही आणि दोन नातवंडं आहेत. त्यांना नाही म्हणू की हो म्हणू? (नेपरव्हिल, इलिनॉय)

गाडीला हो म्हणा, नातवंडांना नाही म्हणा.

हडसनने १९४८ साली काढलेल्या या गाड्यांत चासीच्या आत खाली उतरून बसावं लागतं, म्हणून त्यांना 'स्टेप-डाउन' म्हणतात. गाडी बुटकी, वजन जमिनीलगत, त्यामुळे वळणावर ती त्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा खूपच शहाण्यासारखी वागते. ३०८ घनइंची सहा सिलिंडरच्या इंजिनाला १४५ अश्वशक्ती होती आणि नॅसकारच्या शर्यतींत या गाडीने व्ही-आठवाल्यांना धूळ चारली. तुमच्या यजमानांची नजर चांगली आहे.

आता सुरक्षितता. त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत ब्रेकचं तेल एकाच नळीजाळ्यातून चारही चाकांना जातं. एक नळी फुटली की पॅडल थेट जमिनीला. दुहेरी व्यवस्था सर्वत्र आली ती १९६७च्या सुमारास. हडसनची यावर एक जुनी युक्ती होती : तेल गेलं आणि पॅडल खूप खाली दबलं की एक सळई मागच्या ब्रेकना यांत्रिकपणे ओढते. फार छान सोय, पण नंतरच्या मेकॅनिकांनी ती कळली नाही म्हणून सोडवून ठेवलेली असू शकते. ती जोडलेली आहे का, हे गाडी उचलून बघायला सांगा. शिवाय कुठल्याही जुन्या गाडीत उभ्या उभ्या पॅडल जोराने दाबून मिनिटभर तसंच धरा. पाय हळूहळू खाली जायला लागला तर कुठेतरी गळतंय. त्या गाडीतून चक्करही मारू नका.

कमरेचे पट्टे बसवून घेता येतात, घ्याच. पण ते नुसत्या पत्र्याला नव्हे, खाली जाड पट्टी देऊन धडधाकट तळाला बोल्ट केलेले हवेत. त्याने माणूस गाडीबाहेर फेकला जात नाही. समोर आदळण्याचं काय? डॅशबोर्ड लोखंडाचा आहे आणि स्टिअरिंगचा दांडा न मुडपणारा, थेट छातीच्या रोखाने आलेला. म्हणून नातवंडांसाठी माझं उत्तर रोखठोक : मुलांच्या सीटा या गाडीत बांधू नका. घरासमोर उभ्या गाडीत बसून भोंगा वाजवू द्या हवा तेवढा.

यजमानांना एवढं सांगा की हडसनमध्ये चासी आणि बॉडी एकच आहे. इतर गाड्यांत रॉकर पॅनेल कुजलं तर दिसायला वाईट. हडसनमध्ये ते कुजलं तर गाडीचा कणाच गेला. इलिनॉयच्या रस्त्यांवर मिठाचे हिवाळे काढलेली हडसन असेल तर पैसे देऊन जाणकार माणूस नेऊन खालून तपासा. आणि कंपनी १९५४ साली नॅशमध्ये विलीन होऊन अमेरिकन मोटर्स झाली, म्हणजे बाहेरच्या पट्ट्या, दिवे, मूठ यातलं काही हरवलेलं असेल तर शेव्हरोलेसारखं कॅटलॉगमधून मागवता येत नाही. जी गाडी अंगावरच्या सगळ्या दागिन्यांसकट मिळते, तीच घ्या.

प्रश्न : माझ्याकडे १९५१ची फोर्ड कस्टम व्ही-आठ येऊ घातलीय. गार असताना सुरू होते, पण गरम झाल्यावर स्टार्टर रडतखडत फिरतो. विक्रेता म्हणतो बारा व्होल्टची करून घ्या. करू का? (ऑस्टिन, टेक्सस)

थांबा. आधी बॅटरीच्या केबली बघा. कुणीतरी आजच्या गाडीच्या, दुकानात टांगलेल्या बारा व्होल्टच्या बारीक केबली आणून लावलेल्या असतील. सहा व्होल्टमध्ये तेवढंच काम करायला दुप्पट करंट लागतो, त्यामुळे केबल अंगठ्याएवढी जाड हवी, १/० किंवा २/० गेज. त्या बदला, इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी काढून दोन्हीकडचा रंग-गंज घासून लख्ख लोखंडावर बसवा. निम्म्याहून अधिक गाड्या एवढ्यावर सुधारतात. या फोर्डमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह चासीला जोडलेला असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. शेजाऱ्याच्या नव्या गाडीवरून जंप देण्याचा विचारही करू नका. सहाच्या जागी आठ व्होल्टची बॅटरी बसवायचा शॉर्टकट कुणी सुचवला तर तोही नको.

बारा व्होल्ट करणं गुन्हा नाही, पण मग बल्ब, कॉइल, हीटरची मोटर, रेडिओ, मीटर सगळ्यांकडे बघावं लागतं. अर्धवट केलेलं रूपांतर हा मी पाहिलेला सगळ्यात वैतागवाणा प्रकार आहे. मूळ वायरिंगवरचं कापडी वेष्टण हाताने दुमडून बघा. भुगा पडत असेल तर व्होल्ट कितीही असोत, पूर्ण वायरिंग नवं घाला. आग तिथूनच लागते.

मला तुमच्या गाडीत वेगळीच काळजी वाटते. फोर्डच्या या फ्लॅटहेड व्ही-आठमध्ये, २३९ घनइंची, एक्झॉस्टची वाट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेला खेटून बाहेर पडते. म्हणजे जळका धूर जाता जाता पाणीच तापवतो. त्यात टेक्ससचा उन्हाळा. अशा इंजिनाच्या ब्लॉकला व्हॉल्व्ह-सीटच्या आसपास तडे जाणं हा जुना आजार आहे. गाडी चांगली तासभर चालवून घ्या, मग वीसेक मिनिटं सिग्नलच्या गर्दीत. पाणी उकळलं, किंवा गार असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर पाण्यातून बुडबुडे येत राहिले, तर ब्लॉक तपासल्याशिवाय व्यवहार नको. झाकणही बघा. या रेडिएटरला कमी दाबाचं झाकण लागतं. कुणी आजच्या गाडीचं तेरा पौंडांचं लावलं असेल तर जुनी जोडणी फाटते.

वायपर व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिनाने हवा ओढण्याच्या जोरावर, चालतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ते मध्येच झोपतात. तो दोष नाही, पाय जरा सैल करा, पुन्हा उठतील.

प्रश्न : ओहायोतली १९४९ची ब्युइक ऑनलाइन बघून न पाहताच घेतोय. मित्र वेड्यात काढताहेत. (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

मित्र बरोबर आहेत. विमानाचं तिकीट गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही. जाणं जमतच नसेल तर तिथल्या मोटार-मूल्यमापकाला पैसे देऊन पाठवा, विक्रेत्याने सुचवलेला मात्र नको. गाडी उचलून खालून काढलेला, न थांबवता केलेला व्हिडिओ मागा. ओहायोत रस्त्यावर मीठ पडतं. नुकताच खालून काळा लेप फासला असेल तर त्याच्याखाली काय आहे, हाच पहिला प्रश्न. १९४९च्या ब्युइकला डायनाफ्लो ऑटोमॅटिक असण्याची शक्यता आहे. ती गिअर बदलल्यासारखा झटका देत नाही, सरकत सरकत वेग घेते. तिला बिघडलेली समजू नका, पण खाली तेलाचं तळं साचलेलं दिसलं तर भाव पाडा.

विम्यात 'ठरलेली किंमत' असा करार हवा, म्हणजे अपघातात गाडी गेली तर कागदावरचीच रक्कम हातात. 'सांगितलेली किंमत' हा ऐकायला तसाच पण वेगळा प्रकार आहे. त्यात कंपनी घसारा लावून कमी देऊ शकते. एजंटकडून हा शब्द लेखी घ्या. स्मॉगचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं, टेन्शन नको, तुमच्याकडे १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तपासणी माफ आहे.

आणि थोडी कळ काढता आली तर ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला जा. अँटीक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका, १९३५ची संस्था, तिचा मोठा मेळा तिथे भरतो. विक्रीच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, मालक बाजूला खुर्ची टाकून बसलेले. एका दिवसात तिथे जेवढं बघून होतं तेवढं स्क्रीनवर वर्षभरात होणार नाही.

प्रश्न : शिशाचं पेट्रोल आता मिळत नाही, मग ही इंजिनं चालतात कशी? तेल कुठलं? टायर चांगले दिसतात, चालतील? (तिघांनी विचारलंय, एकत्र घेते.)

चालतात. त्या काळातली साधी सहा सिलिंडरची इंजिनं कमी कम्प्रेशनची आहेत, रमतगमत चालवलीत तर शिशावाचून त्यांचं अडत नाही. त्रास देतं ते इथेनॉल : जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं. दोन्ही नवे घाला, काम संपलं. तेलात झिंक असलेलं घ्या, आणि इंजिन कधीच उघडलेलं नसेल तर आधी ऑइल पॅन उतरवून तळातला गाळ काढा, मगच डिटर्जंट (साचलेला गाळ सुटा करणारं) तेल ओता. टायरवर डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असो. त्यावरून गाडी घरापर्यंतही आणू नका, ट्रेलर मागवा.

प्रश्न : स्टुडबेकर चॅम्पियन स्वस्तात मिळतेय. कंपनीच बंद पडलीय, सामान कुठून आणणार? (इंडियानापोलिस)

तुमच्याच राज्यातून. साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३मध्ये बंद झाला, पण सुट्या भागांचे साठे मागे राहिले आणि ते आजही विकले जातात. स्टुडबेकर ड्रायव्हर्स क्लब १९६२पासून चालू आहे. सभासद व्हा, गाडी घ्यायच्या आधीच. बंद पडलेल्या कंपन्यांत ही सगळ्यात सोपी. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरू देणारा जादाचा गिअर) असलेली चॅम्पियन शोधा. लहान इंजिनाला हायवेवर श्वास मिळतो. साउथ बेंडला संग्रहालय आहे, एकदा जाऊन मूळ गाडी कशी असते ते डोळ्यांत भरून घ्या, म्हणजे विक्रेत्याच्या गाडीत काय नाहीये ते कळेल.

प्रश्न : मला १९५३ची प्लिमथ मिळतेय, सगळं ठीक आहे, पण रंग फिक्कट हिरवा. बायकोला मरून हवाय. रंगवून घेऊ? (ट्रॉय, मिशिगन)

नका. चांगल्या रंगकामाला तुमच्या गाडीच्या किमतीच्या तोडीचा खर्च येतो, आणि स्वस्तातलं रंगकाम दारांच्या कडांवर, रबरावर, काचांच्या पट्ट्यांवर उडालेलं दिसतं. तेवढ्या पैशात ब्रेक, टायर, वायरिंग आणि सीटचं कापड सगळं नवं होतं. सीटचं कापड मरून घ्या. फिक्कट हिरव्यावर मरून कसं दिसेल हे मला विचारू नका, वहिनींना विचारा.